साडेतीन वाट्या पाणी

मी शाळेत रुजू व्हायला गेले त्या दिवशी गुरुजींनी माझं नियुक्तिपत्र हातात घेतलं नाही. म्हणाले, "कागद राहू द्या. पयले हात दाखवा, बाई."

मी दचकले. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. बालाघाटहून छोट्या लाईनच्या गाडीने लामत्याला उतरले होते आणि तिथून बैलगाडीने त्या टेकडीवरच्या गावात पोचले होते. वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यालाही सात वर्षं होत आली होती. पण एखाद्या नव्या गावात "हात दाखवा" म्हटलं की त्याचे जे अर्थ मला ठाऊक होते, त्यांतला एकही चांगला नव्हता. काय काय उत्तर द्यायचं त्याची मी मनातल्या मनात यादी केली. तीन उत्तरं तयार होती.

एकाचीही गरज पडली नाही. गुरुजींनी खाली परात ठेवली, लोट्यात पितळेची वाटी बुडवली आणि स्वतः माझ्या हातांवर पाणी घालू लागले. माझ्या हातांवर गाडीची काजळी होती, मी चोळत राहिले. ते पुटपुटत होते, "एक... दोन... तीन..." मी हात मागे घेतले तशी वाटी डोळ्यांसमोर धरून उरलेलं पाणी पाहिलं.

"साडेतीन वाट्या. लय झालं, बाई. दोनात भागते."

मग परातीतलं पाणी जपून उचलून ते मागच्या अंगणात गेले, आणि परत आल्यावर धोतराला हात पुसून माझा कागद वाचायला बसले.

शाळा दोन शिक्षकांची. ते मुख्य, मी दुसरी. पाच वर्ग, एकाहत्तर मुलं, एक लांब खोली, एक वऱ्हांडा. शाळा हिंदीची, पण बोलणं आपलंच. विहीर शाळेच्या आवारात होती, आणि टेकडीचा खडक इतका कठीण की माघ सरला की तळ दिसायचा. मग पाणी मैलभर खालच्या नाल्यावरून डोक्यावर यायचं. ज्या बायकांच्या डोक्यावरून ते यायचं, त्या बायका मुलांच्या हात धुण्यासाठी एक गुंड, म्हणजे हंडाभर, पाणी द्यायला तयार नसत, आणि त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही.

पण उन्हाळा लागला की मुलांना हगवण लागायची. शिवाय त्या वर्षांत शाळेत पावडरीचं दूध मिळू लागलं होतं, आणि वरून हुकूम होता की हात धुवायची सोय नसेल तिथे दूध नाही. दूध बंद झालं की अर्धी मुलं बंद. फाल्गुनात शाळा बंद ठेवून परीक्षा लामत्याला घ्यायची, असं आधीची दोन वर्षं झालं होतं. मुलगे गेले. मुलींना कोण पाठवतो? दोन्ही वर्षी पाचवीच्या सगळ्या मुली परीक्षेविनाच घरी बसल्या त्या बसल्या. माझ्या वर्षी पाचवीत सहा मुली होत्या. त्यांची नावं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती.

गुरुजींनी यावर त्या वर्षी नवाच उपाय काढला होता, तो मागच्या अंगणात उभा होता. रस्त्याच्या कामावरून मागून आणलेलं डांबराचं पिंप, भाजून, घासून, दगडी चौथऱ्यावर चढवलेलं, खाली तोटी. तोटीखाली लांब उथळ कुंड, आतून चुन्याने पांढरं केलेलं. कुंडातलं पाणी बांबूच्या पन्हाळीतून तीन माठांत एकाखाली एक उतरायचं. माठ कुंभाराकडचे तडकलेले, फुकटचे. पहिल्यात तणस म्हणजे भाताचा पेंढा, दुसऱ्यात गोटे आणि रेती, तिसऱ्यात कोळसा. शेवटी रांजण. रांजणात तुरटी फिरवायची, दिवसभर उन्हात ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी ते पाणी बादलीने परत वरच्या पिंपात चढवायचं. सोमवारी चार गुंड पाणी घातलं की शनिवारपर्यंत एकाहत्तर मुलांचे हात त्यात निघत. रोज थोडी भर घालायला लागे, तेवढीच. शनिवारी सगळं पाणी पपईच्या झाडांना.

रेती वैनगंगेचीच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. नाल्याच्या रेतीला ते "चिखलाची बहीण" म्हणत. बालाघाटला पगार आणायला गेले की येताना गाडीत त्यांच्या मांडीवर ओल्या रेतीची थैली असायची. गार्डाने एकदा विचारलं, यात काय? तर म्हणाले, "पाण्याची जाळी." आणि गार्डाला पुढच्या स्टेशनापर्यंत समजावत राहिले.

त्यांचं एक म्हणणं होतं, ते दिवसातून दोनदा तरी ऐकायला मिळे: "पाणी पाहुणा आहे. पाहुण्याले एका जेवणावर वाटे लावत नसतात." स्वतः दाढी केलेलं पाणी ते दाराशी मिरचीच्या रोपाला घालत. त्या रोपाच्या मिरच्या त्यांच्या घरी कोणी खात नसे, पण रोप जोरात होतं. गणित चुकलं म्हणून मी त्यांना कधी मुलावर ओरडताना पाहिलं नाही. हात झटकला की मात्र ओरडायचे. "झटकू नोको! आपलंच आहे ते!" हात धुऊन झाले की बोटं खाली करून कुंडावर धरायची आणि दोनचा पाढा म्हणायचा, म्हणजे थेंब निथळतात. दो दहाम बीस झालं की सुटका. आमच्या शाळेतल्या पहिलीच्या मुलांनाही दोनचा पाढा पाठ असायचा त्याचं कारण हेच. पाहायला आलेल्या साहेबांना आम्ही ते कारण सांगितलं नाही.

लग्नाला त्यांना बोलवायला लोक कचरत. लांजीला त्यांच्याच भाचीच्या लग्नात पंगत उठल्यावर हे हात धुवायच्या जागी जाऊन बसले आणि वरपक्षाच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "तुमच्या वरातीनं अकरा बादल्या सांडल्या जी. याच्यात माही शाळा अडीच हप्ते चालते." म्हातारा रुसला. त्याची समजूत काढायला दुपार गेली. गुरुजींना त्यात काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, मला विचारत होते, "अकराच होत्या ना, बाई? का बारा?"

एका बाबतीत ते फार कडक होते. हे पाणी कोणी तोंडात घेतलेलं त्यांना खपत नसे. "हाताचं हातालेच." पिण्याचा माठ वेगळा होता, आणि त्या माठातून कोणी घ्यायचं आणि कोणाला वरून वाढायचं याची गावाची जुनी पद्धत होती. मी रुजू झाल्यावर तो माठ रोज मीच भरू लागले आणि सगळ्यांना मीच वाढू लागले.  पहिल्या दिवशी गुरुजींनी सगळ्यांदेखत माझ्याकडे पेला पुढे केला आणि घटाघटा प्यायले.

आता माझी चूक सांगते.

पाणी चढवायचं काम मी येण्याआधी मनाला येईल तसं चालायचं. "तू ये, तू ये." मला ते सहन होईना. मी महिन्याची यादी केली: कोण, कोणत्या वारी, कोणासोबत. हजेरीच्या क्रमाने दोघा-दोघांच्या जोड्या पाडल्या आणि वऱ्हांड्यात चिकटवल्या. हजेरी नावाच्या अक्षराने होती. त्यामुळे बुधवारी पाचवीतली एक जोडी अशी आली की एक गावच्या पटलाची मुलगी, आणि दुसरी आमच्या बौद्ध टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, सगळ्या पाचवीत बुटकी, हिशोबात मात्र सगळ्यांच्या पुढे. दोघींनी एका बादलीची कडी धरली. मुलींना त्याचं काहीच वाटलं नाही. शनिवारी सकाळी पटील दारात.

"गुर्जी, हे यादी कोनं केली?"

"मी केली," मी म्हणाले.

ते माझ्याशी बोलले नाहीत. गुरुजींना म्हणाले, "आतापावेतो मी गप होतो. पोरं तोटीखाली हात धुतात, धुवू द्या. पण तेच पाणी फिरून येऊन राह्यलं. टोल्यावरच्याइच्या हाताचं पाणी माह्या पोरीच्या हातावर. घरी माय जेवत नाही दोन दिसांपासून."

"काहून? तब्येत बरी नाही का मायची?" गुरुजींनी खरंच काळजीने विचारलं.

"तब्येतीले काय झालं! ऐकून राह्यले ना तुमी?"

"हौ, ऐकलं ना. पण टोल्यावरच्याइचे हात जास्त साफ असतात, पटील. मी धारेवरून मोजतो. तुमची पोरगी अडीच वाट्या घेते, ते बुटकी दीड."

पटील कपाळावर हात मारून गेले. जाताना सांगून गेले की सोमवारी पंच घेऊन येतो, टाकी पाडायची.

मी यादी काढून टाकायला उठले. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. टाकी गेली की दूध गेलं, दूध गेलं की शाळा फाल्गुनात बंद, आणि पहिल्या पानावरच्या सहा मुली गेल्या. गुरुजी म्हणाले, "राहू द्या. अक्षर चांगलं आहे." आणि नेहमीसारखे कुंडाला चुना लावायला बसले. शनिवार होता ना. दुपारपर्यंत त्यांनी कुंड असं पांढरंशुभ्र केलं, जणू सोमवारी पंच नव्हे, पाहुणे यायचे होते.

सोमवारी मुलं रांगेत उभी राहिली, पाचवी आधी आणि वर्गात उंचीप्रमाणे, कारण तोही गुरुजींचा नियम. सगळ्यांत पुढे ती बुटकी. पंच अजून यायचे होते. तिने तोटी सोडली, हातांना साबण चोळला, आणि किंचाळली.

तिच्या बोटांतून लाल ओघळ येत होते. कुंडाच्या पांढऱ्या चुन्यावर पाणी पडेल तिथे लाल होत होतं. बघता बघता कुंडात लाल रेघा पसरल्या आणि बांबूच्या पन्हाळीतून तसंच लाल पाणी उतरू लागलं.

"रगत! रगत आलं टाकीत!"

मुलं पळाली. गाव यायला किती वेळ लागतो? पटील आणि पंच वाटेतच होते, ते धावत आले, मागून बाया. कोणी म्हणालं, टेकडीवरची देवी कोपली. कोणी म्हणालं, पयला हात कोनाचा लागला ते पाहा. सगळ्यांचे डोळे त्या पोरीकडे वळले. ती हात पुढे धरून तशीच उभी होती. बोटं खाली, नियमाप्रमाणे. आणि रडत रडत दोनचा पाढा म्हणत होती. मी जाऊन तिच्या मागे उभी राहिले. तिच्या हातांवर जखम नाही एवढं मी पाहिलं, पुढे मलाही सुचेना. गुरुजी पिंपाला हात लावून उभे. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटतं, त्यांना देवीची नाही, आपल्या रेतीची शंका आली होती.

पटील म्हणाले, "कुदळ आना."

तेव्हा बायांच्या घोळक्यातून पटलाची माय पुढे आली. वाळलेली, ताठ म्हातारी. तिने आधी कुंडात वाकून पाहिलं, मग पोरीच्या हातांकडे पाहिलं. "पाढा बंद कर वो माय," तिला म्हणाली. आणि मुलाकडे वळली. "तुही चुन्याची डबी दे."

"माय, तू घरी जाय."

"दे म्हणतो ना मी."

पटलांनी तंबाखूच्या चुन्याची डबी दिली. म्हातारीने लुगड्याच्या पदराची गाठ सोडली. गाठीत हळद होती, चिमूट-दोन चिमूट, बाकीचं फडकं पिवळं झालेलं. तिने हळद तळहातावर घेतली, वर बोटभर चुना, थेंबभर पाणी, आणि अंगठ्याने मळली. तळहात लाल झाला. तो तिने सगळ्यांसमोर फिरवला.

"रगत नोहे. कुकू आहे. हळदीले चुना लागला का कुकू होते. इतक्या बाया उभ्या आहा, घरी कुकू केलं नाही का कोनं कधी?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. पुरुष म्हातारीच्या सुटलेल्या पदराकडे पाहत होते. पटील तर त्या फडक्यावरून नजर काढेनात. हळद पिंपात कोणी टाकली हा प्रश्न आता प्रत्येकाच्या ओठांवर होता, आणि एका पंचाने तोंड उघडलंही, "पन हे हळद..."

गुरुजी एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलले. "टाकीले हळद लागली जी. मंजे लगन आहे. हळद कोनं लावली हे लगनात कोनी विचारते का? वाजंत्री कोनाची ते सांगा."

आधी एक बाई पदराआड हसली. मग सगळ्याच. पंचही हसला. पटलांनी मायच्या हातातून डबी परत घेतली, झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. शेवटी म्हणाले, "वाजंत्री नाही. गूळ पाठवतो." आणि कुदळ ज्याने आणली होती त्याला परत पाठवलं.

गूळ आला. मुलांनी कोरड्या हातांनी खाल्ला, कारण टाकी त्या दिवशी बंद होती. रेती पिवळी झाली होती, कोळसा बदलायचा होता. गुरुजी दोन दिवस माठ घासत होते आणि अधूनमधून म्हणत होते, "कमाल आहे. चुन्यानं लाल होते. मले काहून माहीत नव्हतं?" नवीन काही कळलं की ते असे आठवडाभर खूष असत. चिंचेचं पाणी टाकलं की तो लाल रंग परत पिवळा होतो, हेही त्यांनी त्याच आठवड्यात शोधलं आणि पाचवीला फळ्यावर लिहून दिलं. मी माझी यादी पाहिली. बुधवारची जोडी तशीच ठेवली. कोणी तक्रारीला आलं नाही.

त्या वर्षी फाल्गुनात शाळा बंद झाली नाही. परीक्षा आमच्याच वऱ्हांड्यात झाली. सहाही मुली बसल्या, पाच पास झाल्या. सहावी पटलाची, ती गणितात गेली, आणि पुढच्या वर्षी त्या बुटकीनेच तिला संध्याकाळी पाढे पाठ करून देऊन पार केलं. आज ती बुटकी बालाघाटच्या दवाखान्यात नर्स आहे. भेटली की हात झटकत नाही, हे मी पाहून घेते. गुरुजींसोबत मी नऊ वर्षं काढली. ते निवृत्त होऊन लांजीला गेले तेव्हा सामानात दोन ट्रंका, मिरचीचं रोप आणि रेतीची थैली होती. मला त्यांनी पितळेची वाटी दिली. ती माझ्या स्वयंपाकघरात आहे, मापाला चांगली.

पण त्यांची आठवण निघाली की मला तो हळदीनंतरचा शनिवार दिसतो. मुलं सुटली होती. आम्ही दोघं अंगणात, गुरुजी चाळणीत रेती घेऊन बसलेले. पटलाची माय एकटीच काठी टेकत आली. माझ्याकडे न पाहता पायरीवर बसली.

"गुर्जी, नातीच्या हाताले लागते ना ते पानी. म्हटलं, हळद टाकली का इटाळ जाईल, बाट जाईल."

"हौ," गुरुजी म्हणाले.

"मले दाखवा हे कसं चालते."

त्यांनी तिला एकेक माठ दाखवला. तणस, गोटे, रेती, कोळसा. तिने कोळसा हातात घेऊन पाहिला, रेतीचा वास घेतला. बराच वेळ लागला.

"मंजे मैल रेतीत राहते."

"रेतीत राहते."

"आन बाट?"

गुरुजींनी चाळणी हलवायची थांबवली. खरोखर विचार केला त्यांनी.  मग म्हणाले, "ते नाही सापडली जी आतापावेतो. मी दर शनवारी चाळून पाहतो. तणसाच्या काड्या निघतात, साबणाचा चुरा, एकदा एक दात निघाला पहिलीच्या पोराचा. ते नाही निघाली."

 मी तोपर्यंत कोळसा भरून घेतला होता, हात काळे झाले होते. तोटी सोडली, दोन वाट्यांत धुतले, कुंडावर निथळले. बाजूला झाले तर ती माझ्या मागे येऊन उभी होती. तिचेही हात कोळशाने काळे. तिने एकदा कुंडातून पन्हाळीकडे जाणाऱ्या माझ्या पाण्याकडे पाहिलं, आणि तोटीखाली हात धरले. चोळून चोळून धुतले, सावकाश, अंगठीखालीसुद्धा.

गुरुजी चाळणी ठेवून कधी उठले होते कळलं नाही. तिच्या खांद्यामागून वाकून ते ओठांत मोजत होते.

"चार वाट्या," ते म्हणाले. "लय झालं, आजी. दोनात भागते."